उभ्या गाडीचे इंजिन बंद का पडते?



जुन्नर-ओतूरची भाजी माळशेज घाट उतरून येते, मुरबाड-शहापूरची जवळच्या रस्त्याने येते. पण दोन्हींना कल्याणच्या बाजार समितीत पोहोचायचे असते ते उजाडण्यापूर्वी. भाव पहाटेचा, उन्हं वर आली की कोथिंबिरीकडे कोण पाहतो? ही ने-आण बहुतेक डिझेलच्या पिकअप गाड्या करतात, आणि त्यांतल्या कितीतरी आता चांगल्या वयस्क झाल्या आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवली, कोणत्याही गॅरेजात जा, अशा गाडीची एक तक्रार हमखास कानी येते : "धावते झकास, पण उभी केली की मरते." शहाडच्या पुलापाशी किंवा शिळफाट्याला रांग लागते. गिअर काढला, पाय उचलला, की इंजिन दोन-चार हिसके देते आणि गप्प. पुन्हा स्टार्टर, पुन्हा रेस, पुढच्या थांब्याला पुन्हा तेच.

ही नुसती कटकट आहे असे समजू नका. डिझेल गाडीच्या ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्ती इंजिनावर चालणाऱ्या छोट्या पंपातून मिळते. बहुतेक गाड्यांत तो डायनॅमोलाच जोडलेला असतो. इंजिन बंद पडले की एक-दोन दाबांपुरती शिल्लक राहते, मग पॅडल दगडासारखे घट्ट होते. घाट उतरताना डिझेल वाचवावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. ज्या गाडीचे इंजिन मंद चालीत टिकत नाही, त्या गाडीने माळशेजला असे केले तर काय होईल, ते मी सांगायला नको.

आता, धावताना ठीक आणि उभी राहताच बंद, हे असे का? एक लहानसे गणित करू. चार सिलिंडरचे इंजिन मंद चालीत मिनिटाला 750 फेरे घेते असे धरा. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरला एकदा डिझेल मिळते, म्हणजे चारही मिळून सेकंदाला 25 वेळा. आणि प्रत्येक वेळचा घास किती? मोहरीच्या चार-दोन दाण्यांएवढा! वेगात असताना घास मोठा असतो, फिरत्या चाकाचा जोरही असतो. एखादा घास चुकला तरी खपून जातो. मंद चालीत मात्र लागोपाठ दोन-तीन घास चुकले की संपले.

घास चुकवणारा पहिला संशयित म्हणजे हवा. मेस्त्री म्हणतात, "गाडीने एअर धरली." शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. होळीची पिचकारी घ्या, पाण्याने भरा, तोंडाशी अंगठा धरून दांडा दाबा. दांडा हलत नाही. आता रिकामी पिचकारी तशीच दाबा. दांडा आत जातो आणि सोडला की परत येतो. पाणी दबत नाही, हवा दबते. जुन्या इंजिनाचे नोझल उघडायला दर चौरस सेंटिमीटरला बहुधा 200 किलोच्या आसपास दाब लागतो. पंपाच्या दांड्यापुढे डिझेलऐवजी बुडबुडा आला तर दांडा तो बुडबुडाच दाबत बसतो, दाब चढत नाही, नोझल उघडत नाही.

ही हवा येते कुठून? टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेते. तिथे रबरी नळीला चीर असेल, पट्टी सैल असेल किंवा तांब्याचा वायसर दबला असेल, तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवाच आत ओढली जाते. म्हणून "सगळं कोरडं आहे, गळती नाही" या शब्दावर विसंबू नये. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी फार वेळ स्टार्टर खात असेल, चढावर तोंड करून ठेवली असता अधिक त्रास देत असेल, तर नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते आहे आणि हवेला वाट मिळाली आहे, असा संशय घ्यावा. खात्री करायला हातभर पारदर्शक नळी पुरते. ती फीड पंपाच्या अलीकडे जोडून इंजिन चालू करा. बुडबुड्यांची माळ दिसली तर चोर सापडला.

तेवढ्याने उलगडा न झाल्यास आणखी एक उपाय आहे आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा. स्वच्छ डिझेलचा 5 लिटरचा डबा इंजिनापेक्षा उंच, पण तापलेल्या सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधा. टाकीकडून येणारी नळी काढून डब्यातून डिझेल द्या. परतीची नळीही डब्यातच सोडा. मग पंधरा मिनिटे मंद चालीत इंजिन राहू द्या. छान चालले तर पंप निर्दोष आहे. दोष टाकीत, टाकीतल्या जाळीत किंवा वाटेतल्या नळीत आहे. हे पाहिल्याशिवाय पंप उतरवू देऊ नका. आपल्याकडे गाडी बंद पडली की आधी पंपावर बोट ठेवण्याची रीत आहे. हा पंप बनवणारी 'मिको' कंपनी 1951 साली बंगलोरला स्थापन झाली, 2008 साली तिचे नाव 'बॉश' झाले, तरी जुने मेस्त्री अजून 'मिको पंप'च म्हणतात, इतका तो परिचयाचा. आणि तो उघडण्याचा खर्च नळीच्या तुकड्याच्या कितीतरी पट!

टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला बारीक भोक असते. ते मातीने बुजले तर डिझेल ओढले जात नाही; झाकण उघडताना 'फुस्स' असा आवाज झाला तर समजावे. पावसाळ्यात पाण्याचा वहीम धरावा. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. पाणी खाली बसलेले स्वच्छ दिसेल. इंजिन बंद करायची तार पूर्ण परत जात नसेल, तरीही अशीच लक्षणे दिसतात. ती हाताने ढकलून पाहायला कितीसा वेळ लागतो?

नोझलची पाळी यानंतरची. एकाच सिलिंडरातून ठोका, पांढरा धूर, लंगडी चाल, अशी खूण असेल तर नोझल उतरवून पंपवाल्याकडच्या यंत्रावर तपासून घ्यावे. जुन्या इंजिनात मेस्त्री एकेका नोझलची नळी सैल करून पाहतात. ज्या नळीने चाल बदलत नाही तो सिलिंडर आजारी. पण हे जाणत्यानेच, फडके धरून करावे. डिझेलची ती धार कातडीतून आत शिरते, तिच्यापुढे बोट नेऊ नये. संगणकावर चालणाऱ्या नव्या कॉमन रेल गाड्यांत तर या नळ्यांना हातही लावायचा नाही, तिथला दाब 1000 किलोच्याही पुढचा असतो.

राहिला तो स्लो स्क्रू. पुष्कळ ठिकाणी काही न पाहता तोच फिरवून चाल वाढवून देतात. गाडी दोन-चार दिवस बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश. हवा मात्र आत येतच असते. स्क्रूला हात लावायचा तो सर्वांत शेवटी, इंजिन पुरते तापल्यावर आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे.

नळी किंवा वायसर बदलल्यावर आत राहिलेली हवा काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहावे. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांशिवाय डिझेल येईल; ते वाहत असतानाच स्क्रू आवळावा. पंपावरच्या स्क्रूलाही तसेच करावे. ती पारदर्शक नळी मात्र लगेच काढू नका. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पहिला स्टार्टर मारताना एकाने नळीकडे पाहत उभे राहावे.