खडकातले चेहरे

आज आपल्याला काही चित्रं पाहायची आहेत, तीही रेडिओवर. मी सांगत जाईन, तुम्ही ती मनात रंगवत जा. विषय आहे डोंगर, आणि डोंगरात देव पाहण्याची सूफींची, म्हणजे इस्लाममधल्या गूढमार्गी साधकांची, नजर. लोंढा, तिनईघाट, खानापूर भागात राहणाऱ्यांच्या दारातच सह्याद्री आहे. तरी माझं म्हणणं असं, की आधी चित्रातला डोंगर पाहायला शिकावं, मग दारातल्याकडे वळावं.

पहिलं चित्र सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं. इराणातल्या तब्रीझ शहरात सुलतान मुहम्मद नावाच्या चित्रकाराने शाहनामा या इराणी राजांच्या महाकाव्याच्या राजेशाही हस्तलिखितासाठी एक पान रंगवलं. आज ते कॅनडात, टोरांटोच्या आगाखान संग्रहालयात आहे. इराणी कथांमधला पहिला राजा गयूमर्स डोंगरावर राहत असे, आणि तो व त्याची प्रजा बिबट्याची कातडी पांघरत. चित्रात राजा वर मधोमध बसला आहे, त्याची माणसं खाली रिंगण धरून आहेत, आणि जंगलातली जनावरंही त्यांच्यात निर्धास्त वावरताहेत.

पाहणारा आधी राजाकडे बघतो. तुम्ही खडकांकडे बघा. जांभळट, गुलाबी, निळसर खडक, कडा वर वळत गेलेल्या. एका कडेवर नजर ठेवा आणि सावकाश खाली या. कड जिथे वळते तिथे कपाळ दिसतं. मग नाक, मग मिटलेलं तोंड. त्याच गालाची रेघ पुढे सरकते आणि कुठल्याशा जनावराची पाठ होते. एक सापडला की दुसरा दिसतो, तिसरा दिसतो, आणि बघता बघता अख्खा डोंगर जिवंत होतो. चित्रकाराने या चेहऱ्यांना निराळा रंग दिलेला नाही, निराळी रेघही ओढलेली नाही. जी रेघ खडकाची, तीच चेहऱ्याची.

हे चेहरे कशासाठी? जाणकारांचं यावर एकमत नाही. कुणी त्यात चित्रकाराच्या हाताची करामत तेवढी पाहतं. मला मात्र सूफी अर्थच पटतो. कुराणात प्रेषित मूसाची कथा आहे. देवाने आपल्याला दर्शन द्यावं, अशी तो विनवणी करतो. ते तुला झेपायचं नाही, त्या डोंगराकडे बघ, असं त्याला सांगितलं जातं. देवाचं तेज डोंगरावर प्रकटतं, डोंगराचा चुरा होतो आणि मूसा बेशुद्ध होऊन कोसळतो. या प्रकटण्याला सूफी ‘तजल्ली’ म्हणतात. शतकानुशतकं ते या एका प्रसंगाचं चिंतन करत आले.

इब्न अरबी हा त्यांच्यातला फार मोठा विचारवंत. जन्म ११६५ चा, स्पेनमधला. मृत्यू १२४० मध्ये, दमास्कसला. देव सगळ्यांच्या पलीकडे आहे, कशासारखाच नाही, हे एक पाहणं. तोच प्रत्येक रूपातून प्रकटतो, हे दुसरं पाहणं. इब्न अरबी म्हणतो, दोन्ही हवीत. नुसतं पहिलं धरलं तर देव इतका लांब जातो की त्याच्याशी बोलणंच खुंटतं. नुसतं दुसरं धरलं तर माणूस एकाच रूपापाशी अडकून बसतो. आता पुन्हा त्या चित्राकडे या. खडक खडकच आहे आणि चेहराही आहे. म्हणून चेहरे मोजत बसू नका. चेहरा दिसला की परत खडक पाहा, आणि खडक पाहता पाहता चेहरा आपण होऊन येतो का, ते पाहा. या चित्राचा आनंद या ये-जा करण्यातच आहे.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी परंपरेतले. सतराव्या शतकात त्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना आपल्या संतांत मानाने बसवलं. बेळगावही तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होतं. किल्ल्यातली साफा मशीद त्या राजवटीचीच. विजापूरच्या गादीवर १५८० मध्ये दुसरा इब्राहिम आदिलशाह आला. तो स्वतः गाणारा, तंबुऱ्यावर जीव असलेला. त्याच्या ‘किताब-ए-नौरस’ या गीतसंग्रहात सरस्वतीचं स्तवन आहे आणि गुलबर्ग्याच्या गेसूदराज या सूफी संताचंही.

त्याच्या दरबारातलं एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. उंच योगिनी उभी आहे, हातावर मैना. दोन्ही बाजूंना फुलझाडं उठली आहेत, इतकी मोठी की कुठल्या बागेत असली फुलं पाहिल्याचं आठवत नाही. पाठीमागे टेकडी, टेकडीवर पांढरे राजवाडे, वर सोनेरी आभाळ. दरबारी चित्रकाराने योगिनी मोठी काढली, फूल मोठं काढलं, आणि राजवाडा अगदी एवढासा केला. ज्या राजाला हे चित्र पाहून आनंद झाला असेल, त्याच्याबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो.

आता आपला घाट. लोंढ्याहून गाडी तिनईघाट, कॅसलरॉक करत गोव्याच्या बाजूला उतरते. कॅसलरॉक ते कुळे हा उतार ३७ फुटांना एक फूट. गाडी जपून चालते आणि बोगद्यांमागून बोगदे येतात. बहुतेक प्रवासी दूधसागर कधी येतो याची वाट बघत मोबाइल तयार ठेवून बसतात. दूधसागर पाहावाच, ३१० मीटरवरून कोसळणारं पाणी आहे ते. पण बोगद्यातला अंधारही सोडू नका. दरी दिसते, झाकली जाते, पुन्हा दिसते ती निराळीच. पावसाळ्यातलं धुकंही हेच करतं. सूफी म्हणतात, पडदाही देवाचाच. धुक्याने कडा झाकला तर आजचा दिवस वाया गेला असं मानू नका, तेही पाहणंच आहे.

लोंढ्याच्या आसपास कापलेली जांभ्याची दरड दिसली तर जवळ जा. भोकाभोकांत ओल धरलेली, एका खळगीत शेवाळ, दुसरीत नेच्याचं नखाएवढं पान. सुलतान मुहम्मदच्या खडकावरून जशी नजर उतरवलीत, तशीच इथेही कडेकडेने उतरवा. घाई केलीत तर नुसती लाल माती दिसेल.

शेवटचं चित्र बाराव्या शतकातल्या अत्तार या सूफी कवीच्या कथेवरचं. सगळे पक्षी आपल्या राजाला, सीमुर्गला, शोधायला निघतात. सीमुर्ग राहतो काफ डोंगरापलीकडे, वाटेत सात दऱ्या. सावाच्या हबीबुल्लाहने साधारण १६०० साली हा मेळा रंगवला. तो आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोठा करून पाहता येतो. उजवीकडे खडकावर वाटाड्या बसला आहे, हुदहुद. आपल्या माळावर तुरा उघडमीट करत, लांब चोचीने माती उकरत फिरतो, तोच हा पक्षी.

अत्तारच्या कथेत बरेच पक्षी निघायला नाही म्हणतात, आणि त्यातला तितर मला विसरता येत नाही. तो डोंगरातच राहतो, पण दगडांत त्याला रत्नंच दिसतात, म्हणून त्याचा पाय निघत नाही. हबीबुल्लाहने सीमुर्ग काढलेला नाही. काढले आहेत ते खडक, पाणी, झाडं आणि जमलेले पक्षी. संकेतस्थळावर ते चित्र उघडाल तेव्हा पक्ष्यांवरून नजर आधी हुदहुदपर्यंत न्या, मग त्याच्या पायाखालच्या खडकावर उतरा, आणि तिथे जरा वेळ थांबा.