चाकांवरचे घर आणि सूर्याची वीज

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सुरत येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या निधीतून आपण डांग भागासाठी फिरता दवाखाना घेत आहो. त्याच्या विजेकरिता जनरेटर घ्यावा की छतावर सोलरच्या प्लेटा बसवाव्या, याबद्दल मंडळात दोन मते आहेत. मी उभी हयात विजेच्या कामात घालविली, म्हणून दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली.

अशा विजेवर गाडीत नुसते काम करणेच काय, पण संसार करणेही शक्य आहे. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी नोव्हेंबर 2020 मध्ये भोपाळहून एका बसमधून निघाले. 2030 पर्यंत घरी परतावयाचे नाही, असा त्यांचा संकल्प. यात्रेचे नाव ‘एनर्जी स्वराज यात्रा’. निजणे, स्वयंपाक, लेखन, बैठका, सर्व त्या बसमध्येच. तिच्या छतावर 3.2 किलोवॅटच्या प्लेटा आणि आत 6 युनिटांची बॅटरी. एवढी जड गाडी छतावरच्या विजेने धावणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ही सोय आतल्या कामापुरती.

पण मला अगत्य वाटते ते त्यांच्या हिशेबाचे. आधी वापर टाळा, मग कमी करा, आणि उरलेल्या गरजेपुरती वीज स्वतः निर्माण करा, असे ते सांगतात. आमच्या साक्रीच्या घरी आजी कंदील कानाशी हलवून रॉकेल किती उरले ते ओळखी, आणि मगच वात वर करू देई. (त्याच साक्री तालुक्यात 2013 पासून महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. आजीला हे खरे वाटले नसते!) बॅटरीवर राहणाऱ्यास तो कंदील पुन्हा हलवावा लागतो.

आता आपल्या गाडीचे पाहू. छतावर 400 वॅटच्या तीन प्लेटा मावतील. उन्हाळ्यात त्या दिवसाला चारेक युनिटे देतील. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असा समज आहे, तो चुकीचा. प्लेट तापली की वीज घटते, म्हणून छत आणि प्लेट यांत वारा खेळण्यापुरती फट ठेवावी. औषधांचा लहान फ्रीज, दिवे, दोन पंखे आणि संगणक मिळून दोनेक युनिटे लागतात. तेव्हा भागते. परंतु दीड टनी वातानुकूलन लावाल, तर तीन तासांत सारी पुंजी संपेल. ज्यांना ते हवेच आहे त्यांनी जनरेटर घ्यावा, माझी हरकत नाही.

पावसाळ्याचे काय, हा विश्वस्तांचा प्रश्न रास्त आहे. डांगात पाऊस लागला की वीज निम्म्याहूनही कमी मिळेल. म्हणून चालत्या इंजिनावर बॅटरी भरून घेण्याची जोड हवीच. तथापि जनरेटरवरही डोळे मिटून विसंबू नये. मागील पावसाळ्यात एका शिबिरात भाड्याचा जनरेटर संध्याकाळी बंद पडला. पायाला कोयता लागलेल्या एका बाईची जखम डॉक्टरांनी मोबाइलच्या उजेडात शिवली. मोबाइल मी धरला होता, आणि माझा हात स्थिर राहीना. त्या वेळी एका 10 वॅटच्या दिव्याने काम झाले असते.

लोह-फॉस्फेटची 5 युनिटांची बॅटरी सुमारे 50 किलो भरते, म्हणजे एका रुग्णाचे वजन. एवढी जागा गाडीत निघेल. मात्र गाडीचे छत मोकळे ठेवण्यास कारागिरास आजच कळवावे. त्यावर सामानाचा कठडा बसविण्याचे त्याने ठरविले आहे, असे काल कळले.