गोबरगॅसचे कारागीर

श्रोतेहो, गोबरगॅसमधला जळणारा वायू म्हणजे मिथेन. तो बनवणारे सूक्ष्मजीव बॅक्टेरिया नव्हेत. त्यांचे कूळच निराळे, असे कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवले. त्यांचे कोणते जनुक काय काम करते, हे कळले तर टाकीतला वायू वाढवण्याची वाट सापडेल. त्यासाठी जनुक बदलून पाहावे लागते. पण हवेतला प्राणवायू त्यांना सोसत नाही आणि पेनिसिलिनला ते दाद देत नाहीत. मग नवे जनुक कोणात शिरले, हे निवडायचे कसे? धान्य पाखडायला सूप लागते ना, तसे इथे प्युरोमायसिन. या औषधाला तोंड देणारे जनुक सोबत जोडतात. ते ज्यांना मिळाले तेच तगतात. २०१७ साली क्रिस्पर ही जनुके कापणारी कात्रीही त्यांच्यातल्या एका जातीवर चालली. गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा: टाकी बंद ठेवायची ती केवळ वायू अडवायला नव्हे, आतले कारागीर जगवायलाही!