भूगोलांतील कारणांची सांखळी

शालान्त परीक्षेस बसणारा विद्यार्थी भूगोलाचें पुस्तक उघडतो, तेव्हां त्याच्यापुढें व्याख्यांची एक लांबलचक रांग उभी राहते. प्रतिरोध पर्जन्य म्हणजे काय, जलविभाजक कशास म्हणावें, विदारण आणि क्षरण यांत भेद कोणता, हवा निराळी आणि हवामान निराळें तें कसें, असे हे प्रश्न असतात. विद्यार्थी एकेक व्याख्या पाठ करतो, आणि परीक्षेंत प्रश्न थोडा फिरवून विचारला कीं गोंधळून जातो. याचें कारण त्याच्या बुद्धींत कांहीं उणें आहे, असें नव्हे. ह्या सर्व व्याख्या एकाच सांखळीच्या कड्या आहेत, ही गोष्ट त्यास कोणीं दाखविलेली नसते. महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यास तर ही सबंध सांखळी दीडशें किलोमीटरच्या एकाच रेषेवर पाहावयास मिळते. ती रेषा कोणती, हें पाहूं.

महाराष्ट्राच्या नकाशावर १८ उत्तर अक्षवृत्ताचा शोध घ्यावा. पश्चिमेस सावित्री नदीच्या मुखाशीं बाणकोट आहे. तेथून पूर्वेकडे निघालें म्हणजे ह्या अक्षवृत्ताच्या आसपास क्रमानें महाड, महाबळेश्वर, पांचगणी, वाई आणि फलटण हीं गांवें लागतात. बाणकोट समुद्रसपाटीस, महाबळेश्वर सुमारें १,४०० मीटर उंचीवर, आणि फलटण पुन्हां उतरून सहाशें मीटरांच्या आंतबाहेर. ह्या रेषेवर जमीन सुरीनें उभी कापली असतां बाजूनें जी आकृति दिसेल, तिला उभा छेद म्हणतात. विद्यार्थ्यानें वहींत प्रथम हा छेद काढावा. आडव्या अंतरास १ सेंटिमीटरला १० किलोमीटर हें प्रमाण घेतलें, तर सबंध रेषा १५ सेंटिमीटरांत बसते. पण उंचीलाहि तेंच प्रमाण लावलें, तर महाबळेश्वरचा डोंगर कागदावर दीड मिलिमीटरहि भरत नाहीं! म्हणून उंचीस १ सेंटिमीटरला ५०० मीटर असें मोठें प्रमाण घेतात. तेव्हां डोंगर जवळजवळ तीन सेंटिमीटर उंच दिसतो. येथें उंची वीस पट वाढवून दाखविली आहे, हें आकृतीखालीं लिहून ठेवणें अवश्य आहे. नाहींतर पाहणाऱ्यास सह्याद्रि भिंतीसारखा सरळ उभा आहे असें वाटेल.

आतां ह्या छेदावर सूर्याचा प्रकाश पडूं द्यावा. सूर्य जूनच्या २१ तारखेच्या सुमारास कर्कवृत्तावर डोक्यावर येतो, हें प्रत्येकास पाठ असतें. मग आपल्याकडे मे महिना अधिक तापतो आणि जून कमी, असें कां? ह्याचें उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली अशी कीं, १८ अक्षांशावर सूर्य वर्षांतून दोनदां डोक्यावर येतो; एकदां मेच्या दुसऱ्या आठवड्यांत आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस. दुसरी अशी कीं, मे महिन्यांत आकाश निरभ्र असतें, तर जुलैंत तें मेघांनीं झांकलेलें असतें. सूर्य दोन्ही वेळां माथ्यावरच, परंतु एकदां ऊन जमिनीस पोंचतें आणि एकदां तें मेघांवरूनच बरेंचसें परततें.

तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाते व तेथें हवेचा भार कमी होतो. उन्हाळ्यांत भारताच्या वायव्य भागांत आणि त्याला लागून असलेल्या पाकिस्तानांत असा कमी भाराचा मोठा पट्टा निर्माण होतो. दक्षिण गोलार्धांतील आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून त्या दिशेनें येऊं लागतात, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळें उत्तर गोलार्धांत आपल्या उजवीकडे वळून नैर्ऋत्येचे होतात. हेच मोसमी वारे. ऋतु या अर्थाच्या ‘मौसिम’ ह्या अरबी शब्दावरून त्यांस हें नांव पडलें. अरबी समुद्रावरून शेंकडों किलोमीटरांचा प्रवास करून ते जूनच्या पूर्वार्धांत कोंकण किनाऱ्यास लागतात, तेव्हां बाष्पानें भरलेले असतात.

यापुढचा भाग परीक्षेच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका येथेंच पाठांतराचा घात होतो. ‘डोंगर वारे अडवितो, म्हणून पाऊस पडतो,’ एवढें लिहून विद्यार्थी थांबतो. पण वारा अडला म्हणून पाणी कां पडावें? डोंगर थंड असतो म्हणून वारा थंड होतो, असेंहि कित्येक लिहितात. तें बरोबर नाहीं. खरें कारण असें कीं, डोंगरानें अडविलेल्या हवेस वर चढावें लागतें. वर हवेचा दाब कमी असल्यामुळें ती पसरते, आणि पसरण्याच्या कामीं स्वतःचीच उष्णता खर्च झाल्यानें थंड होते. थंड हवेंत बाष्प कमी मावतें. जास्तीच्या बाष्पाचें सांद्रीभवन होऊन मेघ बनतात आणि पाऊस पडतो.

हें अंकांनीं पाहावें. समजा, किनाऱ्यावर हवेचें तापमान २८ अंश सेल्सिअस आहे. बाष्पानें पूर्ण न भरलेली हवा १,००० मीटर चढली म्हणजे सुमारें १० अंशांनीं थंड होते. ४०० मीटर चढल्यावर ती २४ अंशांवर आली, आणि तेथें ती बाष्पानें संपृक्त झाली असें धरूं. यापुढें सांद्रीभवन सुरू होतें. वाफेचें पाणी होतांना वाफ आपली गुप्त उष्णता हवेस परत देते; म्हणून आतां हवा १,००० मीटरांस सुमारें ५ अंशांनींच थंड होते. माथा १,४०० मीटरांवर. तेथें तापमान १९ अंश झालें. बाष्पाचें पाणी वाटेंत गळून गेलें, आणि हवा पलीकडच्या उतारावरून खालीं निघाली. उतरतांना ती दाबली जाते व तापते. आतां पाणी उरलेलें नाहीं, म्हणून दर १,००० मीटरांस पुन्हां १० अंश. फलटणच्या पातळीवर, म्हणजे ६०० मीटरांवर, ती २७ अंशांची होते. चढतांना त्याच उंचीवर तिचें तापमान २३ अंश होतें. उंची तीच, हवाहि तीच. परंतु ती चार अंशांनीं उष्ण आणि पुष्कळच कोरडी होऊन आली. असल्या हवेंत मेघ जमण्याऐवजीं विरूं लागतात. ह्यालाच पर्जन्यछाया म्हणतात.

आतां पावसाचे आंकडे पाठ करावे लागत नाहींत. ते आकृतींतूनच आपोआप निघतात. महाडास वर्षास ३०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरास तो ५५० ते ६०० सेंटिमीटरांच्या घरांत जातो. तेथून वीस किलोमीटरांच्या आंत असलेल्या पांचगणीस त्याचा सुमारें तिसरा हिस्सा उरतो. घाट उतरून वाईस आलें कीं आंकडा शंभराच्या खालीं येतो, आणि फलटणास तो पन्नासाच्या आसपास रेंगाळतो. वाऱ्याकडे तोंड केलेला उतार तो वाताभिमुख आणि पाठ फिरविलेला तो वातविन्मुख, हे दोन शब्द आतां कोणत्याहि विद्यार्थ्यास जड वाटूं नयेत.

पडलेलें पाणी वाहूं लागतें, आणि येथून नद्यांचें प्रकरण सुरू होतें. क्षेत्र महाबळेश्वरीं कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री ह्या पांच नद्यांचा उगम मानितात. त्यांतील सावित्री पश्चिमेस उतरून बाणकोटपाशीं अरबी समुद्रास मिळते. तिचा प्रवास सुमारें शंभर किलोमीटरांचा. कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारें १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. एकाच पठारावर पडलेले दोन थेंब असे दोन समुद्रांस जातात. त्यांस वेगळी करणारी जी माथ्याची रेषा, तीच जलविभाजक. पश्चिमेची नदी तेवढ्याच उंचीवरून थोड्या अंतरांत उतरते, म्हणून तिचा वेग व खोदण्याची शक्ति मोठी असते. ती आपल्या उगमाकडे मागें मागें डोंगर खोदीत जाते. कोंकणाच्या बाजूस खोल दऱ्या आणि ताठ कडे, तर घाटमाथ्यापलीकडे रुंद खोरीं, हें दृश्य त्यामुळेंच दिसतें. ह्याच उंचीच्या फरकाचा उपयोग कोयना योजनेंत केलेला आहे. पूर्वेस जाणारें पाणी धरणानें अडवून, बोगद्यांतून पश्चिमेच्या उतारावर सोडून त्यापासून वीज निर्माण करितात, आणि मग तें पाणी वाशिष्ठी नदीस मिळतें.

नदी जो खडक कापते, तो बेसाल्ट; मराठींत त्यास काळा पाषाण म्हणतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थंड झाले. आज ते सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहेत. कठीण थर कड्यासारखे उभे राहतात, सच्छिद्र व मऊ थर झिजून उतरणीचे होतात. म्हणून सह्याद्रीची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. ‘डेक्कन ट्रॅप’ ह्या नांवांतील ट्रॅप हा शब्द मुळांत पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. ऊन, पाणी आणि हवा यांच्या योगानें हा खडक जागच्या जागीं कुजतो, फुटतो, त्याचा मुरूम व माती होते, हें विदारण. तो सुटलेला माल वाहतें पाणी किंवा वारा उचलून नेतो, तें क्षरण. एकांत पदार्थ मोडतो, दुसऱ्यांत तो जागा सोडतो. पाऊस अतिशय आणि उष्णताहि पुष्कळ, अशा ठिकाणीं विदारण होतांना इतर द्रव्यें धुऊन जाऊन लोखंडाचे व ॲल्युमिनियमचे अंश मागें राहतात, आणि जांभा तयार होतो. महाबळेश्वर-पांचगणीच्या माथ्यावर तोच दिसतो. कमी पावसाच्या खोऱ्यांत मात्र त्याच बेसाल्टची काळी, ओल धरणारी माती होते.

येथवरच्या गोष्टी परीक्षेंतील गुणांपुरत्याच आहेत असें मानणें ही मोठी चूक होईल. ह्याच रेषेवर माणसें राहतात, आणि ह्याच नियमांनीं तीं जगतात किंवा प्राणांस मुकतात. २०२१ च्या जुलै महिन्यांत महाबळेश्वरास एका दिवसांत जवळजवळ ६० सेंटिमीटर पाऊस झाला. २२ जुलै रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. त्यापूर्वीं ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव असेंच गाडलें गेलें आणि दीडशें माणसें मृत्युमुखीं पडलीं. खालीं अभेद्य काळा पाषाण, वर कुजलेल्या मुरमाची जाड गादी, आणि उतार तीव्र. अशा स्थितींत अतिवृष्टीचें पाणी मुरमांत सांठतें, त्याचें वजन वाढवितें आणि कणांची एकमेकांवरील पकड सैल करितें. मग सबंध थर निसटतो. उतारावर नव्या भेगा पडणें, झाडें वा खांब कलणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें, हीं पूर्वसूचक चिन्हें होत. तीं ओळखून वेळीं घर सोडणारा मनुष्य भूगोल जाणतो, मग त्यानें परीक्षा दिलेली असो वा नसो.

रेषेच्या पूर्व टोंकास संकट याच्या उलट आहे. तेथें पाऊस थोडा, आणि पाषाणांत पाणी सांठण्यास भेगा व मुरूम यांशिवाय जागा नाहीं. लागोपाठ पाऊस हुकला कीं विहिरी तळ गांठतात. १९७२-७३ च्या दुष्काळांत पर्जन्यछायेंतील तालुक्यांची जी दैना झाली, तिच्या मुळाशीं वाऱ्याचें हेंच उतरणें आणि खडकाचा हाच गुण होता. फलटणच्या कांहीं भागांत आज ऊंस उभा दिसतो तो तेथल्या पावसावर नव्हे. घाटांत पडलेलें पाणी नीरेच्या कालव्यानें तेथवर आणिलें म्हणून.

आतां शेवटची व्याख्या. महाबळेश्वरास एका दिवशीं ६० सेंटिमीटर पाऊस पडला, ही हवा. तेथें वर्षास सरासरीनें ५५० ते ६०० सेंटिमीटर पडतो, हें हवामान. ती सरासरी निदान तीस वर्षांच्या नोंदींवरून काढितात. धरण आणि पीक यांची योजना हवामान पाहून करितात. दरडीखालच्या गांवास मात्र त्या रात्रीची हवा कशी आहे, हेंच आधीं विचारावें लागतें.

परीक्षेंत उत्तर लिहितांना विद्यार्थ्यानें एवढा क्रम संभाळावा. आधीं छेद काढावा. त्यावर वाऱ्याची दिशा बाणानें दाखवावी. प्रत्येक गांवाखालीं उंची व पाऊस लिहावा. आणि मग ‘म्हणून’ हा शब्द घालून एकेक विधान पुढच्याशीं जोडावें. जेथें ‘म्हणून’ बसत नाहीं, तेथें आपणांस विषय समजलेला नाहीं असें समजून पुस्तक पुन्हां उघडावें. आणि घरांतील वडील मंडळींनीं मुलास व्याख्या म्हणून दाखविण्यास सांगण्याऐवजीं, येत्या पावसाळ्यांत घाट चढतांना मेघ कोठें सुरू झाले आणि कोठें विरले, एवढेंच त्यास विचारावें.