हाताला काय येते, ते विचारा
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



‘रोजगार दफ्तरात नाव घातले का?’ हा प्रश्न इंदूरच्या आपल्या घरांतून तीन पिढ्या विचारला गेला. १९४५ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी ही दफ्तरे निघाली, १९४८ मध्ये सर्वांना खुली झाली. आपण कार्ड काढले आणि कॉलची वाट पाहत बसलो. १९५९ च्या कायद्याने मालकावर फक्त रिकामी जागा कळवण्याचे बंधन होते, माणूस तिथूनच घेण्याचे नव्हते. हे पुष्कळांना ठाऊकच नव्हते!

पण माझे गाऱ्हाणे कायद्याचे नाही, फॉर्मचे आहे. शिक्षण किती, टक्के किती, एवढेच त्यात विचारत. काम करून दाखव, असे कोणी म्हटले नाही.

डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. हजारो कामगार घरी बसले. थकबाकी हाती पडायला डिसेंबर २०२३ उजाडला. त्यांत आपलीही माणसे होती. नुसत्या आवाजावरून लूमचा बिघाड ओळखणारा जॉबर दफ्तराच्या लेखी ‘आठवी पास’! अशा माणसाला चौकीदारीखेरीज काय मिळणार? आणि खरे सांगू, आपल्यालाही कारकुनीचेच कौतुक. मुलगा बी.कॉम. झाला म्हणजे झाले. टॅलीत व्हाउचर भरता येते का, हे आपणही विचारत नाही.

२०१५ साली नॅशनल करिअर सर्व्हिस सुरू झाली. त्याच वर्षी पंतप्रधान कौशल्य विकास योजनाही आली. अनुभवाने शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय तिच्यात ठेवली गेली. थोडी उजळणी, मग परीक्षा. आणि परीक्षक शिकवणाऱ्या संस्थेबाहेरचा. कल्पना उत्तम आहे. मात्र संगणकावर चार पर्यायांतून एकावर खूण करायला लावून शिंप्याची परीक्षा होत नाही. परीक्षक त्या धंद्यातला हवा, समोर कापड आणि कात्री हवी.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या दफ्तरांना ‘करिअर केंद्र’ म्हटले आहे. पाटी बदलतेच आहे, तर नोंदणीच्या वेळीच अशी प्रत्यक्ष चाचणी व्हावी, असे निवेदन मंडळातर्फे आमदारांना द्यावे, ही माझी सूचना.

घरी बसून वीस वर्षे ब्लाउज शिवणाऱ्या, फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या भगिनींची नावे त्या यादीत आधी घालू. पुढच्या रविवारी सायंकाळी नावे लिहून घेऊ. येताना मार्कशीट नको, केलेल्या कामाचा नमुना आणा.