औषधाआधी विचारपूस
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कीर्तनाच्या मंडपात दवाखान्याचं बोलणं कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण पंढरीच्या वाटेला हा विषय नवा नाही. जुन्या काळी वारीत पटकीची साथ यायची. लोक मरीआईचा कोप म्हणायचे. पटकी पसरत होती ती घाण पाण्यातून. दिंडीगणिक एक वैद्य दिला असता आणि पाणी तेच ठेवलं असतं, तर साथ पुढच्या वर्षी पुन्हा आलीच असती. दुखणं एकीकडे दिसतं, मूळ दुसरीकडे असतं. हे मूळ शोधायला आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवायचं कसं, त्याबद्दल मी बोलणार आहे. आशाताई, आरोग्य सेविका, अंगणवाडी सेविका यांना शिकवण्यातच माझी नोकरी गेली.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. दहातली सात माणसं आदिवासी. अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरात पाडे विखुरलेले. अजूनही काही पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं. नर्मदाकाठी धरणाचं पाणी चढलं, तिथे होडीशिवाय वाट नाही. २०२० साली तिथली एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत बाळांपर्यंत पोषण आहार घेऊन जायची. देशभर तिचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण तिला वल्हं हातात का घ्यावं लागलं, हा प्रश्न त्या कौतुकात वाहून गेला.

आशा योजना २००५ साली आली. तेव्हापासून प्रशिक्षणं पुष्कळ झाली. त्यात वजन कसं करायचं, रजिस्टर कसं भरायचं, गोळ्या कशा द्यायच्या हे शिकवतात. ते हवंच. आपल्याकडे भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आहे, त्याची तपासणी तर यायलाच हवी. पण माझ्या मते हे निम्मंच शिक्षण झालं. म्हणून मी वर्गात एक गोष्ट मांडायचे आणि बायांना फक्त ‘का?’ विचारायला लावायचे.

एक बाळ दीड किलोचं जन्मलं. का? आईच्या अंगात रक्त नव्हतं. का? लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण उपाशीपोटी मळमळतं म्हणून तिने टाकून दिल्या. उपाशी का? ती सातव्या महिन्यात ऊसतोडीला गुजरातेत होती. २०१५ पासून गरोदर बाईला अंगणवाडीत अमृत आहाराचं एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, पण ते तिच्या पाड्यावर. ती उसाच्या फडात. मग गेली का? पावसाळ्यात मुकादमाची उचल घेतली होती. उचल का घेतली? डोंगर उताराची दीड एकर जमीन, पावसावर एकच पीक, आणि आदल्या वर्षीच्या आजारपणाचं कर्ज.

इथपर्यंत आलं की वर्ग गप्प व्हायचा. एकदा मागून एक आशाताई म्हणाली, “बाई, याच्यात माझी गोळी कुठे बसते?” मी म्हटलं, गोळी बसते, पण एकटी पुरत नाही.

हे जमतं का? जमलेलं आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावाने निवडलेल्या बाया त्यांनी आरोग्य सेविका केल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या बाळंतपण शिकल्या, तशा जातीवर, पाण्यावर, बाईच्या जेवणावरही बोलायला शिकल्या. बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी बाकीच्या गावाला तिथे यावंच लागलं! कॉलऱ्याची सुई टोचून असलं काम होत नसतं. त्यांच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली हजार बाळांमागे १७६ दगावत होती, १९९३ ला तो आकडा १९ वर आला.

आणि आपल्या मातीतही हे झालेलं आहे. तळोदा तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० नंतरच्या वर्षांत आरतीला माणसं जमवली आणि दारू सोडायला लावली. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास शहादा-तळोद्यात अंबरसिंग महाराज भजनं म्हणत गावोगाव फिरले, श्रमिक संघटना उभी राहिली, गेलेल्या जमिनीचा आणि सालदाराच्या मजुरीचा प्रश्न निघाला, बायांनी दारूचे अड्डे फोडले. त्याला कोणी आरोग्याचं काम म्हटलं नाही. मी म्हणते.

आता आपल्या गावापुरतं. प्रत्येक गावाला आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिला वर्षाला दहा हजार रुपयांचा निधी ठरलेला आहे. किती जणांना ठाऊक आहे, हात वर करा पाहू... बरं, असू दे. पेसा कायदा १९९६ चा, त्याने ग्रामसभेला मोठा अधिकार दिला. पण ग्रामसभेत आशाताई उठून बोलायला लागली की पुढचे म्हणतात, तू तुझं रजिस्टर बघ. तिला आम्ही ‘का?’ विचारायला शिकवलं आणि गावाने तिला खाली बसवलं, तर आमचं शिकवणं धडगावच्या नाल्यात गेलं.

आपल्या दिंडीत मुकादमही आहेत आणि कोयतेही आहेत. वाटेने एकमेकांच्या पाया पडतात, एका पंगतीला बसतात. दिवाळीनंतर टोळ्या निघतील. त्याआधीच्या ग्रामसभेत आशाताईला अर्धा तास द्या. कोणती बाई कितव्या महिन्यात चालली आहे, फडाजवळ अंगणवाडी आणि दवाखाना कुठे आहे, ते तिला वाचून दाखवू द्या. आणि मुकादम माऊलींना माझं हात जोडून सांगणं आहे: गरोदर बाई तपासणीला गेली, तर त्या दिवसाचा खाडा तिच्या नावावर मांडू नका. तुमच्यातले जे कबूल असतील त्यांनी कीर्तनाआधी विणेकऱ्यांजवळ नाव सांगा. मी इथेच बसले आहे, वही माझ्याजवळ आहे.

रामकृष्ण हरि.