गाणं मंडळीचं आहे



रेडिओवर बोलायला मला दिलेला विषय आहे ‘श्रद्धा आणि रोजचं जगणं’. विषय मोठा, वेळ थोडा. त्यात पाळकाला बोलायला बसवलं की तो हळूच विषय सोडून आपल्या दुखण्यावर येतो. मी सरळ दुखण्यापासूनच सुरुवात करतो. शहापूर-मुरबाड भागातल्या आमच्या छोट्याशा लुथरन ख्रिस्ती मंडळीत हल्ली लोक गात नाहीत. गाणं होतं, भरपूर होतं, भिंती हादरेपर्यंत होतं. पण गातात चौघं. बाकीचे ऐकतात, पायानं ताल धरतात, एखादा मोबाईल उंच धरून शूटिंग घेतो. उपासनेला आलेली माणसं प्रेक्षक होऊन घरी जातात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

आमची मंडळी म्हणजे तरी केवढी? आसनगाव, वासिंदकडची काही घरं, मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरीला आलेली काही. कोणी मूळचे नगरचे, कोणी आंध्रातले. लुथरन मंडळ्या मोठ्या आहेत त्या आंध्रात, तामिळनाडूत, झारखंडात. महाराष्ट्रात आम्ही मूठभर. ख्रिस्ती म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे वसईचे का?’ नाही हो, वसईचे नाही. असो. एका रविवारी शहापूरला उपासना, दुसऱ्या रविवारी मुरबाडला, मध्ये किन्हवली-सरळगावचा रस्ता. खोली भाड्याची, पंखे दोन, माणसं तीस-पस्तीस. आणि एवढ्याशा खोलीत स्पीकर दोन, माझ्या छातीला लागतील एवढे. हळदीच्या रात्री लावतात ना, तसले. तीस माणसांना!

ज्याच्या नावावरून आम्ही लुथरन, तो मार्टिन लुथर म्हटलं की १५१७ साल आणि विटेनबर्गचे ते पंचाण्णव मुद्दे सगळ्यांना आठवतात. ते शाळेच्या इतिहासात झालं. मला त्याचं दुसरं काम जास्त जवळचं वाटतं. त्याच्या काळापर्यंत उपासनेतलं गाणं बहुतेक लॅटिनमध्ये असे, आणि ते गात पाद्री आणि गायकवृंद. लोकांनी उभं राहून ऐकायचं. लुथरनं काय केलं, १५२४ साली जर्मन गीतांची पुस्तकं निघाली, त्यांत स्वतःची गीतं घातली. त्यांतलं एक तर अवघं आठ गीतांचं, आणि त्या आठांतली चार त्याची. बाजारात जी भाषा बोलतो त्या भाषेत घरच्या बाईनं, गड्यानं, पोरासोरांनी देवाला गावं, एवढंच त्याचं म्हणणं. आणि लोक लगेच गळा मोकळा करून गायला लागले असं मात्र समजू नका. विटेनबर्गचे लोकही गीतं शिकायचा आळस करत, आणि लुथर त्यांना प्रवचनातून झापत असे. हे वाचलं तेव्हा मला मोठा धीर आला.

आणि हे फक्त जर्मनीतलं नाही. १७०६ साली झीगेनबाल्ग हा मिशनरी तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरला आणि लुथरन परंपरा आपल्या देशात आली. त्याच परंपरेतला श्वार्ट्‌झ नावाचा मिशनरी पुढं तंजावरला राहिला. तंजावरच्या गादीवर तेव्हा भोसले, म्हणजे आपले मराठी राजे. सरफोजीराजे लहानपणी या श्वार्ट्‌झच्या देखरेखीखाली शिकले. श्वार्ट्‌झ १७९८ साली गेला तेव्हा राजांनी त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तिथल्या चर्चमध्ये आहे. श्वार्ट्‌झचाच आणखी एक विद्यार्थी वेदनायगम शास्त्री. तो ख्रिस्ती कवी, आणि सरफोजीराजांच्या दरबारातला. त्यानं तमिळमध्ये कर्नाटक संगीताच्या रागतालात पदं रचली आणि ती मंडळ्यांमधून गायली गेली. एका मराठी राजाच्या दरबारात लुथरन गाणं फुललं, हे आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना कोणी सांगत नाही. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला गाण्याकडं यायचंय.

आपल्याकडं तर गाण्याची काय कमतरता होती? गोव्यात फादर स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ साली छापलं गेलं. माणूस जन्मानं इंग्रज, आणि दहा हजारांवर ओव्या रचल्या. नगरकडं कृष्णा रत्नाजी सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत. आणि नारायण वामन टिळक! १८९५ साली त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, १९१९ साली ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत या माणसानं मराठी ख्रिस्ती उपासनेचा आवाजच बदलून टाकला. त्याआधी विलायती चालीवर ओढूनताणून बसवलेली भाषांतरं जास्त. टिळकांनी अभंग आणले, भजनं आणली. त्यांची कितीतरी पदं ‘उपासना संगीता’त आहेत. ते पुस्तक आमच्या खोलीतल्या कपाटात आहे. वीसेक प्रती. वरच्या पुस्तकावर स्पीकरच्या वायरचं भेंडोळं ठेवलेलं असतं.

आता आषाढ चालू आहे. शहापूरहून निघालं की दोन्ही बाजूंना खाचरांत भाताच्या आवण्या चालल्या आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांनी केली असेल आवणी. मला सांगा, एकजण फार सुरेख लावतो, त्याची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ, म्हणून बाकीच्यांनी बांधावर उभं राहून त्याच्याकडं बघत बसायचं का? किती लावील तो एकटा? पाऊस थांबतोय का त्याच्यासाठी? राबातली रोपं पिवळी पडतील. आवणी म्हणजे घरादारानं चिखलात उतरायचं, वाकायचं, आणि मागं सरकत सरकत लावायचं. नवी सून पहिल्या दिवशी चुकते. तिचं रोप पाण्यावर तरंगतं. शेजारची बाई काही न बोलता ते परत दाबते आणि पुढं लावते. सुनेला कोणी म्हणत नाही, तुझी ओळ वाकडी आहे, तू बांधावर जा. आमच्याकडं मात्र बेसूर गाणाऱ्याला लोक वळून बघतात. मग तो पुढच्या रविवारपासून नुसते ओठ हलवतो.

आणि एक माणूस असतो बघा, रोपांच्या मुठी फेकणारा. त्याचं काम मोठं नाजूक. लावणाऱ्याच्या हाताशी मूठ पडली पाहिजे. फार लांब पडली तर बाईला कंबर मोडून चिखलातून जावं लागतं. डोक्यात पडली तर शिव्या. मंडळीत पेटीवाल्यानं, ढोलकीवाल्यानं, कीबोर्डवाल्या पोरानं हे काम करायचं आहे. सूर असा द्यायचा की पंचावन्न वर्षांच्या बाईला तो उचलता आला पाहिजे. आमची पोरं यूट्यूबवर ऐकतात त्याच पट्टीत धरतात. ती पट्टी स्टुडिओत गाणाऱ्या कसलेल्या गायकाची. अंतऱ्याला आमच्या बायका श्वास सोडून गप्प बसतात. मूठ थेट डोक्यात! अरे बाबांनो, दोन सूर खाली घ्या. कमीपणा नाही त्यात.

पोरांवर मी रागावलोय असं समजू नका, त्यांचे आईबाप हे ऐकत असतील. शनिवारी संध्याकाळी सरावाला येतात ती हीच चार पोरं. मोठी माणसं येत नाहीत. त्यांचंही खरं आहे. पहाटेची कसारा लोकल पकडून मुंबईला जायचं, रात्री आसनगावला उतरायचं, घरी पाणी आलंय का बघायचं. तानसा धरण उशाशी, भातसा धरण उशाशी, मुंबईची तहान भागवणारा तालुका, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकरची वाट. त्या माणसाला मी कुठल्या तोंडानं म्हणू, शनिवारी सरावाला ये? म्हणून मी म्हणतो, सरावाची गरजच पडू नये असं गाणं निवडा.

इथं पुन्हा लुथरची आठवण होते. १५२९ साली त्यानं लहान प्रश्नोत्तरी लिहिली, आमच्या पोरांना ती पाठ करावी लागते. तिच्या प्रस्तावनेत त्यानं पाळकांना सांगितलं आहे की मुलांना आणि साध्या माणसांना शिकवताना एकच मजकूर धरा, दरवर्षी शब्द बदलू नका, नाहीतर त्यांचा गोंधळ होतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. एवढा मोठा विद्वान, आणि सल्ला किती घरगुती! आम्ही नेमकं उलटं करतो. दर रविवारी नवं गाणं. पडद्यावर शब्द येतात, वाचून होईपर्यंत सरकतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचं? पूर्वी न वाचणारी बाईसुद्धा पालुपद ऐकून ऐकून धरायची, तिसऱ्या रविवारी कडवंही धरायची. आता तिसऱ्या रविवारी ते गाणं नसतंच.

मागच्या महिन्यात मुरबाडला उपासनेच्या मध्येच लाईट गेले. वादळ होतं. कीबोर्ड बंद, पडदा बंद, स्पीकर बंद. पहिलं कडवं झालं होतं. दुसरं कोणालाच येईना. गाणाऱ्या चौघांनाही येईना! सगळे एकमेकांकडं बघताहेत. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून नगरकडच्या एका आजींनी दुसरंच जुनं पद उचललं. त्यांना ते त्यांच्या आईकडून आलेलं. पण त्यांनी सूर असा काही धरला, की बायकांना फार खाली आणि पुरुषांना फार वर. दोघातिघांनी प्रयत्न केला, सोडून दिला. एक पोरगं फिस्सकन हसलं. आजी थांबल्या नाहीत. सगळी कडवी एकटीनं म्हटली, मधे एकदा खोकल्या, आणि संपल्यावर म्हणाल्या, ‘आरं, तोंडं शिवलीत का काय तुमची?’ मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, तुम्हाला तरी येत व्हतं ना?’ येत होतं. पण मला तो सूर सापडला नव्हता, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं बघा. गावात हरिनाम सप्ताह बसला की काकड्याला आलेल्या म्हाताऱ्यांना अभंगाचं पुस्तक लागत नाही. आगरी-कुणब्यांच्या लग्नात धवळारीण धवळे म्हणायला बसते, तिच्यामागं बायका धरतात. तिच्यापुढं कोणी पडदा लावलेला मी तरी पाहिला नाही. आणि टिळकांचा वारसा सांगणारे आम्ही लाईट गेले की मुके.

पुन्हा सांगतो, कारण घरी गेल्यावर कोणीतरी म्हणणारच की पाळकसाहेब वाद्यांच्या विरुद्ध बोलले. मी वाद्यांच्या विरुद्ध नाही. लुथर स्वतः ल्यूट वाजवायचा, देवाच्या वचनाखालोखाल त्यानं संगीताला जागा दिली. संगीतकार बाख याच परंपरेतला, लायप्झिगमध्ये १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, चर्चच्या संगीताची जबाबदारी त्याच्यावर होती. कीबोर्ड ठेवा, ढोलकी ठेवा. माझं म्हणणं एवढंच आहे, मंडळीचा आवाज ऐकू आला पाहिजे. स्पीकर इतका मोठा असेल की शेजारच्या माणसाचा आवाज मला ऐकू येत नाही, तर मीही गायचा थांबतो. माणूस दुसऱ्याच्या आवाजाला धरून गातो. तो आवाजच पुसून टाकल्यावर तो गाणार कशाच्या आधारानं?

आणखी एक गोष्ट बोलायची होती, ती दुःखाच्या गाण्यांची. आमच्या नव्या गाण्यांत सगळा आनंदीआनंद असतो. स्तोत्रसंहितेत तर रडणारी, देवाला जाब विचारणारी स्तोत्रं कितीतरी आहेत. कंपनी बंद पडलेला माणूस, शेत गेलेला माणूस रविवारी येतो, त्याच्या तोंडी द्यायला आमच्याकडं गाणंच... पण ते राहू दे, स्टुडिओच्या काचेपलीकडून बोटं दाखवताहेत. दोन मिनिटं.

तर आमच्या मंडळीसाठी निरोप. इतरांनी ऐकला तरी हरकत नाही. येत्या रविवारपासून महिनाभर एकच पद म्हणायचं. टिळकांचंच घेऊ, अभंगाच्या चालीचं. पहिली दोन कडवी माईकशिवाय, स्पीकरशिवाय, नुसत्या पेटीवर. वायर मी स्वतः काढणार आहे, तेव्हा साऊंड सांभाळणाऱ्यांनी रुसू नये. तिसऱ्या कडव्याला परत लावा, पण निम्म्या आवाजात. कपाटातली पुस्तकं शनिवारी झटकून ठेवा. ज्यांच्या घरी टाळ आहेत त्यांनी आणावेत. ज्यांना वाटतं आपल्याला गाता येत नाही, त्यांनी पुढं बसावं, मागं नाही. मुलांबद्दलही सांगायचं होतं, त्यांना कुठं बसवायचं ते, पण आता खरोखरच वेळ संपला आहे. शहापूरला सकाळी साडेनऊ. मुरबाडकरांनी सरळगावहून येणारी पहिली एसटी धरावी, दुसरी उशिरा पोचते.